साल धरेपर्यंत

बटाट्याचा पाला कापून टाकल्यापासून ती रोज सकाळी सासऱ्यांच्या मागून शेतात जायची. आबा पुढे, हात मागे बांधून. ती मागे, टोपली आणि खुरपं घेऊन. वाटेत दोघं बोलत नसत. शेतात पोचल्यावर आबा एक वरंबा निवडत आणि पायाच्या अंगठ्याने जागा दाखवत. पूर्वी ते स्वतः उकरायचे. यंदा म्हणाले होते, "तू उकर, माझी कंबर धरते." ती माती बाजूला सारी, चार-पाच बटाटे वर काढी. आबा त्यातला एक उचलत, सदऱ्याला पुसत आणि उजव्या हाताचा अंगठा त्यावर ठेवून तिरका ढकलत.

साल सुटली तर बटाटा अजून कोवळा. नाही सुटली तर साल धरली, काढायला हरकत नाही. परीक्षा एवढीच होती. पण ती आबांच्या अंगठ्यानेच व्हायला हवी असं घरात सगळे धरून चालत. आजूबाजूच्या शेतांतले लोकसुद्धा "आबांनी अंगठा लावला का?" असं विचारून मगच मशीनवाल्याला बोलावत.

गेल्या वर्षी मात्र हा अंगठा अडखळला होता. साल नीट धरू दे, आणखी थोडं थांबू, असं म्हणत आबा थांबत राहिले. पाला मेल्यावर बटाटा जमिनीत जितका पडून राहील तितके त्यावर काळे ठिपके चढत जातात. मातीचे कण चिकटल्यासारखे दिसतात, पण धुतले तरी जात नाहीत. नखाने खरवडले तर निघतात आणि खाली बटाटा अगदी चांगला असतो. खाणाऱ्याला त्याने काहीही होत नाही. पण बटाटे धुवून, आरपार दिसणाऱ्या पिशवीत भरून विकणाऱ्या कारखान्याला असला माल नको असतो. कारखान्याच्या तपासनिसाने बादलीत चार बटाटे धुतले, नखाने खरवडले आणि भरलेला ट्रक तसाच परत पाठवला. "ही माती नाही, आबा," तो म्हणाला. मोठ्याने नव्हे, पण शेजारचे उभे होते.

त्यानंतर तिचा नवरा खडीच्या क्रशरवर कामाला गेला. पेरणीला परत आला तो खोकला घेऊन. तिथली धूळ पिठासारखी असते, तो म्हणाला, नाकाला फडकं बांधलं तरी आत जाते. घराच्या चार पायऱ्या चढताना तो दुसरीवर थांबायचा आणि चपलेत खडा गेलाय असं दाखवायचा. आता बरा होता. पायऱ्यांवर थांबत नव्हता. पण क्रशरच्या मुकादमाचा फोन अधूनमधून येई आणि तो "बघू" एवढं बोलून ठेवून देई. तपासनिसाने सांगून ठेवलं होतं की यंदा पुन्हा डागी माल आला तर पुढच्या वर्षी तुमचं शेत आमच्याकडे नाही. म्हणजे त्या "बघू"चं उत्तर जमिनीखाली तयार होत होतं आणि ते तिला दिसत नव्हतं.

जे करण्यासारखं होतं ते सगळं त्यांनी केलं होतं. बटाट्यामागे पुन्हा बटाटा नको म्हणून शेत बदललं. बेणं घेताना एकेक बटाटा पाण्यात बुडवून, उजेडात फिरवून पाहिला. काळा ठिपका दिसला की बाजूला. शेणखत टाकलं नाही, चुना टाकला नाही, कारण त्याने सालीवर खरूज येते. बटाटे वाटाण्याएवढे असताना माती एक दिवसही कोरडी पडू दिली नाही. त्या दिवसांत ती चपला न घालता सरीतून चालायची, टाचेखाली ओल लागते का ते बघत. आता एकच गोष्ट उरली होती. काढायचा दिवस. लवकर काढला तर साल निघून बटाटा ओरखडतो आणि जखमा तपकिरी पडतात. उशिरा काढला तर काळे ठिपके. मधे थोडेसेच दिवस असतात.

त्या सकाळी आबांनी बटाटा पुसला, अंगठा लावला, ढकलला. पुन्हा एकदा ढकलला.

"झाली," ते म्हणाले. "धरली साल. मशीनवाल्याला सांगा, उद्या ये."

तिला बरं वाटायला हवं होतं. पण ती त्यांच्या अंगठ्याकडेच पाहत होती. कुणीही जोर देऊन दाबलं की नखाखालचं रक्त हटतं, नख पांढरं होतं. आबांचं नख गुलाबीच राहिलं होतं. आबा पुढे निघाले. तिने टोपलीतला तोच बटाटा उचलला आणि त्यावर स्वतःचा अंगठा ठेवला. फार जोर लावावा लागला नाही. साल ओल्या कागदासारखी सरकली आणि खालून पिवळट, ओलसर मांस दिसलं.

 तिने ती साल मुठीत धरली, मग चोरी लपवावी तशी मातीत पुरून टाकली.

दुपारी नवरा पोती झटकत होता. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"अहो, साल सुटतेय अजून."

"कोण म्हणतं?"

"मी बघितलं."

"आबांनी बघितली ना? झाली म्हणाले ते."

"त्यांनी बघितलेलाच बटाटा होता."

त्याने पोतं खाली ठेवलं. "हे बघ, गेल्या वर्षी थांबलो त्याचं काय झालं, माहीत आहे ना? पुन्हा थांबा म्हणून मी आबांना सांगू? आधीच वर्षभर त्यांनी मान वर केलेली नाही."

"एक आठवडा फक्त."

"मशीन उद्या मिळतंय. नंतर मशीनवाला पलीकडच्या भागात जाणार. आणि आभाळ बघ."

आभाळ पश्चिमेकडून भरत होतं.  खरं ते बोलायची सोय नव्हती. साल कोवळी आहे हे सांगणं सोपं होतं. आबांच्या हातात जोर नाही हे सांगणं वेगळं होतं.

संध्याकाळी जेवताना तिने नीट पाहिलं आणि मग तिला सगळंच दिसायला लागलं. आबा पेला डाव्या हाताने उचलत होते. उजवा हात ताटाशेजारी ठेवला होता, एखादी वस्तू ठेवावी तसा. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती, पण ती आबांनी लावली नसणार. सासूबाई मधेच त्यांचा घास नीट करून देत होत्या आणि नवऱ्याने वर बघितलं की हात मागे घेत होत्या.

भांडी घासताना तिने विचारलं, "आई, आबांच्या हाताला काय झालंय?"

सासूबाईंचा हात थांबला नाही. "काय व्हायचंय? वय झालं."

"पेरणीच्या वेळी बांधाशी पडले होते ते. ऊन लागलं म्हणाले होते."

 पातेलं घासताघासता सासूबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "दवाखान्यात नेलं होतं मी. तुम्ही दोघं खत आणायला गेला होता तेव्हा. डॉक्टर म्हणाले, झटका लहान होता, हळूहळू येईल जोर. कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय त्यांनी. तू तोंड उघडशील तर बघ."

"पण आई, तोच अंगठा लावून उद्या बटाटे काढायचेत."

सासूबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. हात जोर धरत नाही हे त्यांना माहीत होतं. बटणं, पेला, दाढी हे सगळं त्या रोज सांभाळत होत्या. पण अंगठ्याचा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. ते त्यांच्या चेहऱ्यावर तिला स्पष्ट दिसलं. नंतर त्या चेहऱ्यावर जे आलं ते तिला जास्त घाबरवून गेलं.

"मुद्दाम केलं असं म्हणायचंय तुला?"

"नाही. त्यांना वाटतंय आपण दाबतोय. पूर्वीसारखंच."

"मग वाटू दे," सासूबाई म्हणाल्या. "शेतात जाणं बंद झालं तर तो माणूस महिनाभर टिकायचा नाही. बटाटे काय, पुन्हा लावता येतात."

त्यांनी पातेलं पालथं घातलं आणि आत गेल्या. तिला वाटलं, दोघींनाही भीती नवऱ्यासाठीच आहे, फक्त नवरा वेगवेगळा.

सकाळी मशीन आलं. मशीनवाल्याला सगळे इंजिन म्हणत, कारण तो सुरू झाला की बंद होत नसे. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेलं पातं वरंब्याखाली शिरायचं, माती आणि बटाटे लोखंडी गजांच्या फिरत्या साखळीवर चढायचे, माती खाली गळून पडायची आणि बटाटे मागे ओळीने पडत जायचे.

"आबा, तुमचं शेत पहिलं घेतलं बरं का," इंजिन वरून ओरडला. "तिकडे तिघं माझ्या नावाने बोटं मोडतायत."

पहिला वरंबा निघाला. ती ओळीच्या मागून चालत गेली आणि वाकली. बटाटे छान होते, एकसारखे, भरलेले. आणि जवळजवळ प्रत्येकावर साल फाटून लोंबत होती. कुठे नखभर, कुठे तळहाताएवढी. माती त्या ओल्या जखमांना चिकटत होती.  दुसरा वरंबा अर्धा झाला होता. नवरा पोती घेऊन येत होता, आबा बांधावर उभे होते, सासूबाई त्यांच्या शेजारी. सगळे तिच्याकडे बघत होते, की तिलाच तसं वाटत होतं.

ती पळत गेली आणि ट्रॅक्टरसमोर हात आडवा धरून उभी राहिली.

इंजिनने ब्रेक दाबला. "वहिनी, जिवावर उदार झालात का?"

"तुमची साखळी खरडतेय," ती म्हणाली. दुसरं काही तिला सुचलं नाही. "साली निघतायत सगळ्या."

"माझी साखळी?" तो खाली उतरला. "ही साखळी मी बायकोपेक्षा जपतो. बायकोलाही माहीत आहे ते." त्याने जमिनीवरचा नव्हे, न काढलेल्या वरंब्यातला एक बटाटा हाताने उपसला, सगळ्यांसमोर धरला आणि अंगठा फिरवला. अर्धा बटाटा सोलून निघाला. "साखळीचा काय दोष? हा बटाटा अजून पाळण्यात आहे. कुणी सांगितलं काढायला?"

 नवऱ्याने तो बटाटा त्याच्या हातातून घेतला, दुसऱ्या बाजूला अंगठा फिरवला. साल सुटली. त्याने बायकोकडे पाहिलं, मग बापाकडे. बापाच्या उजव्या हाताकडे.

"मी," तो म्हणाला. "मीच घाई केली. पावसाचं बघून."

"घरात आबा असताना?" इंजिनला खरंच आश्चर्य वाटलं. "विचारायला जीभ नव्हती तुला? आबा, दोन ठेवून द्या ह्याला. एवढा घोडा झाला तरी."

आबा बांधावरून उतरून आले. खाली वाकून त्यांनी एक बटाटा उचलला, पुसला आणि नेहमीसारखा अंगठा लावला. काही झालं नाही. पुन्हा लावला. मग त्यांनी बटाटा उजव्या हातात धरून डावा अंगठा लावला. साल सरकली. कितीतरी वेळ ते आपले दोन अंगठे शेजारी शेजारी धरून बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अंधारात पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा तो चेहरा होता. तिने नजर दुसरीकडे वळवली.

इंजिनने पातं वर घेतलं. "पुढच्या आठवड्यात येतो. मधे पाऊस पडला तर माझं काही नाही बाबा. आणि काळे ठिपके आले तर तेही माझं काही नाही." जाताना तो आबांना हात करून गेला. आबांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आबा शेतात गेले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

"झालं समाधान?" सासूबाई तिला म्हणाल्या.

ती एकटी गेली. खुरप्याने उकरलं, बटाटा घेतला, अंगठा लावला, आणि तिच्या लक्षात आलं की किती जोर लावायचा हे तिला माहीतच नाही. जोरात दाबलं तर कुठलीही साल निघेल. हलकं दाबलं तर आबांसारखं होईल. तिने दहा ठिकाणी उकरलं. शेताच्या वरच्या अंगाला, जिथे माती हलकी होती, साल जरा घट्ट वाटली. खालच्या अंगाला, जिथे ओल धरून राहते, ती सरकत होती. रात्री पाऊस आला, थोडा, पण आला. छपरावर तो वाजायला लागला तेव्हा शेजारी नवरा जागा होता हे तिला कळलं, आणि ती जागी आहे हे त्यालाही. 

नंतरच्या सकाळी तिला पहिला ठिपका सापडला. मोहरीएवढा. तिने थुंकी लावून चोळला. माती असती तर गेली असती. तो गेला नाही. शेजारच्या बटाट्यावर आणखी दोन होते. ती तिथेच सरीत बसली. खाली, न दिसणाऱ्या मातीत, हे असं सगळीकडे चाललं असणार. आपण इथे बसलोय तेव्हाही चाललंय. उद्या काढावं तर खालचं अंग सोलून निघेल. थांबावं तर वरचं अंग काळं होईल. आणि यापुढे चूक झाली तर ती आबांच्या अंगठ्याची नसेल.

मागे पाय वाजले. आबा होते. सदऱ्याची दोन बटणं उघडी होती.

"किती दिसले?" त्यांनी विचारलं.

तिने बटाटा पुढे केला. त्यांनी तो डाव्या हातात घेतला, उजेडात फिरवला. डोळे अजून पूर्वीसारखेच होते.

"साल कुठे बघतेस?"

"मधे. पोटाला."

"पोटाला नाही. जिथे डोळे जास्त असतात त्या टोकाला बघ. तिथे शेवटी धरते." ते तिच्याशेजारी उकिडवे बसले. "जोर असा लाव, की झोपलेल्या पोराला उठवायचंय पण रडवायचं नाहीये."

तिने टोकाला अंगठा लावला. वरच्या अंगाचा बटाटा टिकला. दुसरा टिकला. खालच्या अंगाला गेल्यावर तिसऱ्याची साल टोकाशी जराशी चुरगळली, सुटली नाही.

"काय करू?" ती म्हणाली.

"मला नको विचारू."

"मग कुणाला विचारू, आबा?"

 त्यांचा उजवा हात मांडीवर पडला होता. ते म्हणाले, "माणसाला भीती वाटली की तो गेल्या वर्षाकडे बघतो. मी तेच केलं. तू ह्या बटाट्याकडे बघ."

ती तिथे किती वेळ बसली कोण जाणे. उन्हाने पाठ तापली. आणखी चार ठिकाणी उकरलं, आणि आणखी एक ठिपका सापडला.

"उद्या," ती म्हणाली. तोंडातून शब्द गेल्यावर तिला तो परत घ्यावासा वाटला.

"खालच्या अंगाला त्याला सावकाश चालव म्हणावं," आबा उठत म्हणाले. "पातं खोल घाल, म्हणजे साखळीवर माती जास्त येईल. बटाटा मातीवर बसून वर गेला तर गजाला घासत नाही."

नवऱ्याने इंजिनला फोन केला. इंजिन वेळेआधी बोलावल्याबद्दल भरपूर बोलला आणि आला. खालच्या अंगाला ट्रॅक्टर इतका हळू चालला की तो वरून म्हणाला, "वहिनी, ह्या वेगाने माझी वरात निघाली असती तर लग्नच मोडलं असतं." ती हसली नाही. ती ओळीमागून चालत होती, एकेक बटाटा उचलून बघत होती. काही खरचटलेले होते. किती, ते ती मोजत नव्हती. मोजायला घाबरत होती. नवरा, सासूबाई आणि आबा तिघं निवडायला बसले. डागी वेगळे, खरचटलेले वेगळे, बाकीचे सावलीत, वारा लागेल असे पसरलेले.

तपासनीस दुपारी आला. त्याने ढिगाच्या वरचे नाही, हात आत घालून आतले बटाटे काढले. बादलीत धुतले. पांढऱ्या फडक्यावर मांडले. एकावर तो थांबला, नखाने खरवडलं. दुसऱ्यावर थांबला.  त्याने पुन्हा हात घातला, ढिगाच्या दुसऱ्या बाजूने, आणखी एक मूठ काढली. नवरा शेजारी उभा होता. त्याचा श्वास नीट चालला होता, आणि तो नीट चाललाय हेच तिला सहन होत नव्हतं, कारण माल परत गेला तर नवरा पुन्हा क्रशरच्या धुळीत जाणार होता.

"खालचा ढीग पुन्हा निवडा," तपासनीस शेवटी म्हणाला. "त्यात ठिपके राहिलेत. बाकी भरा."

"म्हणजे घेताय?" नवऱ्याने विचारलं.

"भरा म्हटलं ना." त्याने फडकं झटकलं. "गेल्या वर्षीपेक्षा बराच बरा माल आहे. दोन दिवस थांबला असतात तर गेला असता, आणि आधी काढला असतात तर सोलून निघाला असता. दिवस कुणी धरला? आबांनीच ना?"

सासूबाईंनी पटकन तोंड उघडलं. नवऱ्यानेही. पण आबा आधी बोलले.

"हिनं," ते म्हणाले. "माझा हात गेलाय."

ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, पाऊस थांबलाय असं सांगावं तसं. तपासनिसाने त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि बादली पालथी केली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. नवरा बापाकडे बघत नव्हता. तो पोत्याचं तोंड शिवत होता आणि सुई पुन्हा पुन्हा चुकीच्या जागी घालत होता.

ट्रक भरेपर्यंत उन्हं कलली. तो रस्त्याला लागला आणि नवऱ्याच्या खिशात फोन वाजला. त्याने नाव बघितलं. तिने त्याचा चेहरा बघितला आणि तिला कळलं कुणाचा आहे. तिला पुन्हा भीती वाटली, कारण तो "बघू" म्हणाला तर आता तिच्याकडे करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"हां, बोला मुकादम," तो म्हणाला. पलीकडचा बराच वेळ बोलत होता. "नाही. नाही, येता येणार नाही. पैशांचं नाही हो." तो थांबला. आबा चार हातांवर बसले होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं, आणि हे त्याला माहीत होतं. "इथे माणूस कमी पडतो आता. वडिलांचा हात गेलाय."

आबांनी मान वर केली नाही. त्यांनी खालच्या ढिगातला एक बटाटा डाव्या हाताने उचलला, उजेडात फिरवला, त्यावरचा ठिपका पाहिला आणि डाग्यांत टाकला. मग दुसरा उचलला. थोड्या वेळाने नवरा फोन खिशात घालून त्यांच्या उजव्या बाजूला येऊन बसला आणि निवडू लागला.